एकोणीस शुभेच्छुक

२३ सप्टेंबर २०२२, शुक्रवार, घाटंजी

शाळेतून निवृत्त झाल्यापासून ही माझी तिसरी वही. आधीच्या दोन गुडघेदुखीनं आणि भाज्यांच्या नावांनी भरल्या. आज लिहिण्यासारखं काही आहे, म्हणून चारचा चहा घेऊन बसले.

निलूफरच्या माहेरी नेट बंद झालं आहे. आमची सून इराणची, हमदान नावाच्या शहरातली. संघदीप पुण्यात एमएस्सी करत होता तेव्हा ती त्याच्या वर्गात होती. तीन वर्षांपूर्वी दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, संघदीपला इथल्या ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली आणि ती घाटंजीत आली. गावानं महिनाभर डोळे फाडून पाहिलं, मग सवय झाली. आता ती विहारात मुलींना इंग्रजी शिकवते आणि भाजीवालीशी "मले हे वांगे नको" म्हणून भांडते.

तिकडे तेहरानमध्ये बावीस वर्षांच्या एका मुलीला डोक्यावरचा रुमाल नीट नाही म्हणून पोलिसांनी धरून नेलं, आणि ती त्यांच्या ताब्यातच मेली. आता गावोगावच्या बाया रस्त्यावर उतरून रुमाल जाळत आहेत. मी टीव्हीपुढे उभी राहून टाळ्या वाजवल्या. तीस वर्षं महिला मंडळात भाषणं ठोकली, पण असं काही डोळ्यांनी पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. निलूला हाक मारली, ये, बघ तुमच्या बाया! ती आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि गहू निवडायला निघून गेली. फार लाजाळू आहे.

२ ऑक्टोबर, रविवार

हमदानहून फोन लागला, चारच मिनिटं. निलूचा धाकटा भाऊ सोरूश दवाखान्यात भरती आहे म्हणे. तो स्वतः दवाखान्यात नर्स आहे, म्हणजे आजाऱ्यांच्यातच वावर. मी म्हटलं टायफॉईड असेल, हवा बदलते आहे, डाळिंब खायला सांग. संघदीप माझ्याकडे बघतच राहिला.

नंतर त्यानं मला मोरीपाशी गाठून सांगितलं. तिकडे फोन ऐकतात, म्हणून तिची आई तसं बोलली. सोरूशला पकडून नेलं आहे. मोर्चातल्या पोरांना छर्रे लागतात. पोरं दवाखान्यात गेली की पोलीस तिथूनच उचलतात. म्हणून हा आणि त्याचे दोन मित्र पोरांना घरी बोलावून चिमट्यानं छर्रे काढत होते. सात जणांचे काढून झाले. आठवा खाटेवर असताना दार वाजलं.

"आई, कोणाले सांगू नको," संघदीप म्हणाला.

"मी कायले सांगू?" मी म्हटलं.

पण खरं सांगायचं तर छाती भरून आली. असा मुलगा आमच्या नात्यात आहे!

९ ऑक्टोबर, रविवार

निलूनं केस कापले. कमरेपर्यंतचे केस, न्हाणीघराला आतून कडी लावून, संघदीपच्या मिशीच्या कात्रीनं. मानेवर एका बाजूनं आखूड, एका बाजूनं लांब. तिच्या माहेरी माणूस गेलं की बाया असे केस कापतात, जुनी रीत आहे, आणि आता सरकारच्या निषेधातही कापतात, असं संघदीप म्हणाला. कापलेले केस तिनं वर्तमानपत्रात बांधून कपाटात ठेवले.

मला रडू आलं. रडता रडताच म्हटलं, "निलू, एक फोटो काढू काय तुझा? जगानं पाह्यला पाहिजे."

"नको आई."

मी दारातून काढलाच एक, ती खिडकीकडे पाहत होती तेव्हा. घरात असावा म्हणून.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात गर्दी होती, माझं भाषण बरं झालं. पण निलूनं माझा पारा चढवला. डोक्यावरून ओढणी घट्ट गुंडाळून आली, चेहरा तेवढा दिसत होता.

"तिकडे तुमच्या बाया जाळून राह्यल्या, अन् तू इथं बांधून आली?" मी सगळ्यांच्या देखत बोलले.

"सगळ्या विचारतात, केस काहून कापले," ती हळू आवाजात म्हणाली.

"मग सांग न त्यायले! भेतं कायले? हा भारत आहे."

तिनं ओढणी काढली नाही आणि खीरही घेतली नाही. घरी येताना ह्यांनी, म्हणजे आमच्या उकंडारावांनी, तोंड उघडलं. हे एसटीत कंडक्टर होते, आयुष्यभराचं बोलणं तिथंच संपवून आले आहेत. म्हणाले, "तिले बोलू नको चारचौघात." मी थोडं कडक बोलले असेन. पण चूक बोलले नाही.

१० नोव्हेंबर, गुरुवार

सोरूशचं काही कळत नाही. कुठल्या तुरुंगात आहे तेसुद्धा नाही. त्याची आई रोज एका तुरुंगाच्या फाटकापुढे जाऊन उभी राहते, रोज तिला घरी जा म्हणतात. निलू फोन उशाशी, पदराशी, पोळ्या लाटताना परातीशी ठेवते. मी काही विचारलं की "ठीक आहे" म्हणते. मनातलं बोलायची सवयच नाही पोरीला.

९ डिसेंबर, शुक्रवार

तिकडे आंदोलनातल्या एका मुलाला काल फाशी दिली. तेवीस वर्षांचा. निलू तव्यासमोरच खाली बसली, पोळी जळून धूर झाला तरी उठेना. मी गॅस बंद केला आणि तिला धरून उठवलं.

सोरूश एकोणतीस वर्षांचा. आणि ही दोघं, संघदीप आणि निलू, गप्प. संघदीप म्हणतो तिच्या आईबाबांनी बजावलं आहे, गप्प राहा, वकील काहीतरी करतो आहे. गप्प राहून कधी कोणाचं भलं झालं? आम्ही गप्प राहिलो असतो तर आज पाटलाच्या विहिरीवर उभे राहून पाण्याची वाट पाहत असतो. काहीतरी करायला हवं, आणि ते मीच करायला हवं.

२० डिसेंबर, मंगळवार

ठरलं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, त्या दिवशी निलूचा जाहीर सत्कार. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, आणि बसस्टँडच्या चौकात मोठा फ्लेक्स.

फ्लेक्सचं नाव काढताच सगळे गोळा झाले. आमच्याकडे फ्लेक्स म्हटला की खाली शुभेच्छुकांचे फोटो आलेच. निवृत्त मुख्याध्यापक सदाशिवराव सर्वांत आधी आले. वाढदिवस असो की श्रद्धांजली, गावातल्या एकाही फ्लेक्सवर ते नाहीत असं होत नाही. टायर पंक्चरवाला फुलचंद म्हणाला, "बाई, माहा फोटो गॉगलवाला टाकजा." अंगणवाडी मदतनीस मैनाबाईला मी स्वतः विचारलं, ती आयुष्यात एकदाही फ्लेक्सवर आली नव्हती. होता होता एकोणीस झाले. माझी भाची वैष्णवी यवतमाळला इंजिनीअरिंगला आहे, तिनं मोबाईलवरच डिझाईन केलं.

हे म्हणाले, "सुनेले इचारलं काय तू?"

"सत्कार कोणी विचारून करते काय? मग काय मजा राह्यली?"

"फोटोचं तरी इचार."

ह्यांना प्रत्येक गोष्टीत तिकीट फाडून द्यायची सवय.

२ जानेवारी २०२३, सोमवार

फ्लेक्स लागला! बारा बाय दहा. मधे निलूचा तो खिडकीतला फोटो, कापलेले केस, काय तेज आहे चेहऱ्यावर. वर मोठ्या अक्षरांत "इराणच्या रणरागिणीचा जाहीर सत्कार", खाली तिचं पूर्ण नाव, माहेरचं आडनाव, गाव हमदान. उजवीकडे गोलात सोरूशचा फोटो, लग्नाच्या अल्बममधला, आणि "तुरुंगात झुंजणारे तिचे शूर बंधू". तळाशी एकोणीस शुभेच्छुक ओळीनं, सदाशिवराव पहिले. वैष्णवीनं नावं इंग्रजीतही टाकली, म्हणजे कसं जगाला वाचता येईल.

निलू आणि संघदीप तिच्या व्हिसाच्या कागदांसाठी यवतमाळला गेले आहेत, उद्या सकाळच्या गाडीनं येतील. स्टँडवर उतरतील ते फ्लेक्ससमोरच. मी बाया, ढोल, फुलं सगळं सांगून ठेवलं आहे.

३ जानेवारी, मंगळवार

लिहवत नाही, तरी लिहिते.

निलू बसमधून उतरली. ढोल वाजायला लागला. मी शाल उघडून पुढे झाले. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, वर पाहिलं. आधी आपला फोटो, मग भावाचा. तिच्या हातातली कागदांची पिशवी खाली पडली.

"उतरवा," ती म्हणाली.

"अवं, आधी शाल तर घे..."

"आई, उतरवा. आत्ता. त्याचा फोटो आहे, आई!" एवढ्या मोठ्या आवाजात ती कधी बोलली नव्हती. ढोलवाला थांबला. संघदीप बूट न काढताच खांबावर चढला आणि त्यानं फ्लेक्स मधोमध फाडला. खाली सदाशिवराव म्हणत होते, "अरे, माह्या बाजूनं तरी जपून फाड."

घरी संघदीप माझ्यावर ओरडला. "तुले सांगतलं होतं, कोणाले सांगू नको! तिच्या बापाले रोज चौकशीले बोलावून राह्यले तिकडे, तुले समजते काय?"

मला राग आला. चार बायांसमोर माझा पाणउतारा झाला. घाटंजीच्या स्टँडवरचा फ्लेक्स हमदानला कोण वाचणार आहे? एका दिवसासाठी लागला होता, अर्ध्या तासात फाटलासुद्धा. मी काय शत्रू आहे तिची?

५ जानेवारी, गुरुवार

वैष्णवीनं सोमवारीच तो फ्लेक्स इन्स्टाग्रामवर टाकला होता. एक्केचाळीस हजार लोकांनी पाहिला. आता तिनं काढला, पण निलू म्हणते बाहेरदेशी राहणाऱ्या बऱ्याच इराणी लोकांनी तो आधीच उचलून पुढे पाठवला आहे. काहींनी कौतुकही लिहिलं आहे. ती कौतुकं निलू एकेक करून मोजते आणि फोन पालथा ठेवते.

जेवण गेलं नाही. वैष्णवीवर ओरडले, पण "जगाला वाचता येईल" म्हणून शाबासकी दिलेली मीच.

११ जानेवारी, बुधवार

निलूची मावसबहीण इस्तंबूलला असते, तिच्यामार्फत निरोप आला. सोमवारी निलूच्या वडिलांना चौकशीच्या ऑफिसात बोलावलं. टेबलावर आमचा फ्लेक्स, कागदावर मोठा करून छापलेला. अधिकाऱ्यानं तळाच्या ओळीवर पेन ठेवलं आणि विचारलं, हे एकोणीस कोण? संघटनेचं नाव काय? पहिला म्हातारा प्रमुख आहे का? काळा चष्मा लावलेला कोण, तोंड का लपवतो? तुमचा मुलगा यांच्याशी कधीपासून संपर्कात आहे?

वडिलांना काय उत्तर देता येणार? त्यांना त्यातलं एक मराठी अक्षरही वाचता येत नाही.

आतापर्यंत सोरूशवर दंगेखोरांवर उपचार केल्याचा आरोप होता, त्यात दोनतीन वर्षं झाली असती. आता परदेशातल्या संघटनेशी संबंध, असं लिहिलं जातं आहे. त्याला किती शिक्षा असते ते मी संघदीपला विचारलं. तो चप्पल घालून बाहेर गेला.

फुलचंदचा गॉगल. मला आधी हसू फुटलं. नंतर मी न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

आजपासून वहीत त्याचं नाव लिहायचं नाही. कोण वाचतं कोणास ठाऊक.

१३ जानेवारी, शुक्रवार

वकिलाचं म्हणणं, फ्लेक्स कोणी लावला त्या माणसानं सहीनिशी लिहून द्यावं, आणि एकोणीस जण कोण ते प्रत्येकाचं लिहावं. मी यादी करायला बसले. सदाशिवराव, निवृत्त मुख्याध्यापक, मधुमेह. फुलचंद, पंक्चर काढतो. अशी एकोणीस माणसं मांडली तेव्हा कळलं की यांच्यातल्या एकालाही इराण नकाशात दाखवता येणार नाही. मी सांगितलं म्हणून उभी राहिलेली माणसं.

बातमी गावात फुटलीच. दुपारपासून रांग. "बाई, माहं नाव काढून टाका न, पोरगा पासपोर्ट करून राह्यला." सदाशिवराव तर म्हणाले, माझा फोटो परवानगीशिवाय छापला असं लिहा. पहिल्या नंबरासाठी तीन वेळा घरी आले होते!

शेवटी मैनाबाई आली. मी आधीच म्हटलं, "मैना, तुझंही काढते."

"काहून? माहं राहू द्या," ती म्हणाली. "त्या पोरानं पोरायचे छर्रे काढले म्हनून मी फोटो देल्ला. थे काय खोटं हाय?"

मी तिच्या नावापुढे "अंगणवाडी मदतनीस, राजकारणाशी संबंध नाही" असं लिहिलं. तिला वाचून दाखवलं नाही.

१६ जानेवारी, सोमवार

पत्र झालं. मी चार मसुदे केले, सगळे निलूनं बाजूला ठेवले. माझ्या पत्रात "अन्याय" येत होतं, "मानवता" येत होतं. ती म्हणाली, "आई, यानं तो अजून आत जाईल. मी सांगते, तुम्ही लिहा."

बत्तीस वर्षं मी पोरांना श्रुतलेखन घातलं. आज मी घेतलं.

"मी एक अडाणी खेडूत स्त्री आहे." लिहिलं. "प्रसिद्धीच्या हौसेपोटी मी हे केलं." लिहिलं. तेवढं तर खरंच होतं. "माझ्या सुनेला याची कल्पना नव्हती." लिहिलं. मग ती म्हणाली, "इराणमध्ये स्त्रियांना पूर्ण सन्मान आहे, हे मला आता समजलं आहे."

माझं पेन थांबलं. "हे नाही लिहिणार मी, निलू. हे मले नाही जमणार."

ती रागावली नाही. म्हणाली, "आम्ही पहिलीपासून लिहितो. परीक्षेत, अर्जात, सगळीकडे. हाताला सवय होते. तुम्हाला कधी लिहावं लागलं नाही, म्हणून जड जातं."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं, नेहमीसारखं वळणदार. त्याचीच लाज वाटली.

मग तिचा व्हिडिओ, वकिलानं तोही मागितला होता. तिनं डोक्याला रुमाल बांधला, एक केस दिसू नये असा. मागून मला नीट करायला सांगितला. मानेवरचे ते वेडेवाकडे केस मी माझ्या बोटांनी आत खोचले. तिची मान ताठ होती. तीन महिन्यांपूर्वी याच पोरीला मी विहारात, भरल्या सभेत, भेतं कायले म्हणून विचारलं होतं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आत्ता नको आई, रडले तर पुन्हा रेकॉर्ड करावं लागेल."

६ फेब्रुवारी, सोमवार

माफी जाहीर झाली! तिकडच्या सर्वोच्च नेत्यानं हजारो कैद्यांना सोडायचं ठरवलं आहे. आंदोलनात धरलेले सगळे, असं टीव्हीवर आलं. मी पेढ्यांसाठी ह्यांना पाठवलं. ते पायात चप्पल घालत होते, तेवढ्यात संघदीप म्हणाला, "बाबा, थांबा." मग त्यानं फोनवरून पुढचं वाचून दाखवलं. परकीयांशी संबंधाचा आरोप असेल त्याला ही माफी नाही.

ह्यांनी चप्पल काढली. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्या मुलावर आता कुठला आरोप आहे, जुना की नवा, हे वकिलालाही माहीत नाही. पत्र पोचलं, एवढंच कळलं. वाचलं का, पटलं का, काही नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

त्याच्यासोबत धरलेले दोघेही मित्र सुटून घरी आले. दोघांनीही तसलेच छर्रे काढले होते, त्याच खोलीत. तो आला नाही.

मी निलूजवळ जाऊन बसले. ती मेथी तोडत होती. मी सरळ विचारलं, "माह्यामुळं काय?"

तिनं पिवळी पानं बाजूला काढली. "माहीत नाही, आई."

"खरं सांग. मले चालते."

"खरंच माहीत नाही. ते सांगत नाहीत. कदाचित फ्लेक्समुळं. कदाचित त्यानं पश्चात्तापाच्या कागदावर सही केली नसेल. कदाचित कोणाचा मूड नसेल. आम्हाला कधीच कळत नाही, म्हणून तर आम्ही सगळ्यालाच घाबरतो."

मला वाटलं होतं ती हो म्हणेल, मी पाय धरीन, रडीन, काहीतरी संपेल. तिनं मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली. मी पण तोडायला लागले.

२१ मार्च, मंगळवार

आज त्यांचं नवीन वर्ष. निलूनं मधल्या खोलीत एक कापड अंथरून त्यांच्या रीतीप्रमाणे सात वस्तू मांडल्या. सफरचंद, लसूण, गव्हाचे कोंब, इथं मिळालं ते. तिच्या आईचा फोन आला. फाटकावर तिनं नेलेले नवे कपडे आज आत घेतले म्हणे, पहिल्यांदाच. कपडे घेतले म्हणजे तो आहे, जिवंत आहे. निलू केवढी हसली! केस आता खांद्याला लागायला आले आहेत.

दुपारी मी ही वही काढली. उद्या कोणी घरी येऊन पाहिली तर, असा विचार आठ दिवस डोक्यात होता. घाटंजीत कोण येणार, हे कळतं, तरी येतो. जाड मार्कर घेतला आणि दोन ऑक्टोबरच्या पानावर त्याचं नाव खोडलं. मग दुसऱ्या ओळीतलं. चांगलं काळं केलं, उजेडात धरूनही दिसणार नाही असं.

निलू मागे कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिला मराठी अक्षरं वाचता येतात, सावकाश. मला वाटलं बरं म्हणेल, आई शहाणी झाली म्हणेल.

तिनं माझ्या हातातून मार्कर काढून घेतला. "त्याचं नाव आता कोणीच लिहीत नाही," ती म्हणाली. "आईसुद्धा फोनवर घेत नाही. दवाखान्यातल्या यादीतून काढलं, शेजारचे घेत नाहीत. तुम्ही पण?"

मग माझं बॉलपेन घेऊन ती खाली बसली आणि प्रत्येक काळ्या डागाच्या वर, बारीक अक्षरात, उजवीकडून डावीकडे, तिच्या लिपीत काहीतरी लिहिलं. मला ते वाचता येत नाही. मी तिला तिथंच बसवून ते गिरवायला शिकले. सहा वेळा चुकलं. सातव्यांदा ती म्हणाली, हो, हेच, सोरूश.